दहावीला रसायनशास्त्राचा पाया कच्चा राहिलाय, समीकरणं जुळत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

शिलाईमशीन

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा दहावीला गेली. मराठी माध्यम, गावातलीच शाळा. गणित चांगलं आहे, इतिहासाचं विचारायलाच नको, पण विज्ञान भाग १ मधला रसायनाचा धडा आला की वही मिटते. सध्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' चालू आहे. मी स्वतः बारावी कॉमर्स, घरी ब्लाउज-ड्रेस शिवते, त्यामुळे मला विचारून तिला काही उपयोग नाही.

तिची वही चाळली. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

हायड्रोजन अधिक ऑक्सिजन याचं उत्तर तिने एच-टू-ओ-टू लिहिलंय. बाईंनी लाल फुली मारली आहे, पण का चुकलं ते लिहिलेलं नाही. ती म्हणते, "दोन्हीकडे मोज, सारखेच आहेत!" आणि खरंच सारखे आहेत.

अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटचं सूत्र ए-एल-एस-ओ-फोर लिहिलंय. तेही चूक.

तिचा मला प्रश्न: सोडियममधून एक इलेक्ट्रॉन निघून गेला, तर काहीतरी कमी झालं ना, मग चिन्ह अधिकचं कसं? मला सांगता आलं नाही.

नववीतलं मोल वगैरे तिने सोडूनच दिलं होतं.

क्लासची फी विचारून आले, परवडेल असं वाटत नाही. संध्याकाळी तासभर मी तिच्यासोबत बसू शकते, हातात हेम घालायचं काम असतं तेव्हा. कुठून सुरुवात करू? आठवीपासून सगळी पुस्तकं परत वाचायची का?

सीईटीवाला

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. भाग १ चा पेपर ४० मार्कांचा, त्यात भौतिक पण आहे. रसायनाचे धडे चारच: आवर्ती वर्गीकरण, अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे. मागच्या पेपरांत फिरून फिरून तीच समीकरणं येतात. वीस-पंचवीस काढून भिंतीवर चिकटवा आणि रोज म्हणून घ्या. मी तसंच केलं, चांगले मार्क पडले. मोलचं अकरावीला बघता येतं.

गाळप_लॅब

ताई, ह्या दादाचं ऐका, पण दिवाळीनंतर. पंचवीस समीकरणं पाठ केली आणि पेपरात सव्विसावं आलं की पोरगी परत वही मिटणार. आणि अकरावी सायन्स घेतलं तर पहिल्याच महिन्यात मोल दारात उभा राहतो. तेव्हा कुणी थांबून शिकवत नाही.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो, आता घरी आहे. संध्याकाळी गल्लीतली पोरं वह्या घेऊन येतात. त्यांच्या वह्यांत मी जे बघतो तेच तुम्ही लिहिलंय. पोरगं येऊन म्हणतं, समीकरण जुळत नाही. बघायला जावं तर समीकरणाचा काही दोष नसतो, सूत्र चुकलेलं असतं. चुकीच्या सूत्रांचं समीकरण बहुतेकदा जुळतच नाही, आणि जुळलं तरी ते खरं नसतं. मग पोरं काय करतात, तर सूत्राच्या पायाशी असलेला आकडा बदलून हिशेब मिटवतात.

पाण्याचं तसंच झालंय. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. तिने पाण्याच्या शेपटीला टू लावला. मोजदाद जमली, पण पदार्थच बदलला. एच-टू-ओ-टू म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुवायला पातळ करून मिळतं ते. हायड्रोजन जाळला तर पाणी होतं, पेरॉक्साइड नव्हे. तुमच्या भाषेत सांगायचं तर चार ब्लाउजांची ऑर्डर आली म्हणून तुम्ही एकाच ब्लाउजला आठ बाह्या लावत नाही, चार ब्लाउज शिवता. सूत्राच्या आतला आकडा हलवायचा नाही, सूत्राच्या आधी आकडा लिहायचा. पाण्याचे दोन रेणू घेतले की उजवीकडे हायड्रोजन चार झाले. म्हणून डावीकडे हायड्रोजनचे दोन रेणू. ऑक्सिजन दोन्हीकडे दोन-दोन. झालं.

तेव्हा समीकरणाचा धडा आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी तिची सूत्रं तपासा. एका कागदावर ही सहा नावं ह्याच क्रमाने लिहून द्या: सोडियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड, कॅल्शियम ऑक्साइड, सोडियम कार्बोनेट, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट. पुस्तक न बघता सूत्रं लिहायला सांगा. ती कुठे अडखळते त्यावरून काय कच्चं आहे ते तुम्हाला कॉमर्सवाल्यांनाही कळेल.

पहिल्यावरच अडली तर चिन्हं पाठ नाहीत. सोडियमचं एन-ए, पोटॅशियमचं के, लोखंडाचं एफ-ई, ही पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. दुसऱ्यात क्लोरीनला टू लागला नाही तर संयुजा, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा, कच्ची. तिसऱ्यात सी-ए-टू-ओ-टू लिहिलं तर संयुजांची अदलाबदल (एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहिणं) येते, पण दोन्ही आकड्यांना दोनाने भाग जातो हे लक्षात आलेलं नाही. चौथ्यात मूलकं येतात. कार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड, अमोनियम ही टोळी एकत्रच फिरते, तिला एकच संयुजा. पाचव्यात कंस. ओ-एच दोनदा हवा, म्हणून कंसात ओ-एच आणि कंसाबाहेर टू. कंस नाही घातला तर तो टू एकट्या हायड्रोजनला जातो. सहाव्यात सगळंच एकदम. अ‍ॅल्युमिनिअमची संयुजा तीन, सल्फेटची दोन, अदलाबदल केली की ए-एल-टू, कंसात एस-ओ-फोर, बाहेर थ्री. त्यात ऑक्सिजनचे अणू किती, हे तिला विचारा. बारा म्हणाली तर तिला कंस कळला.

आता सोडियमचा प्रश्न. प्रश्न फार चांगला आहे, पोरगी डोकं वापरते. सोडियमच्या अणूत प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉनही ११. प्रोटॉन धन, इलेक्ट्रॉन ऋण, एकूण शून्य. एक इलेक्ट्रॉन गेला. आता धन ११, ऋण १०. शिल्लक काय? एक धन. गेला तो स्वतः ऋण होता, म्हणून मागे उरलेला अधिक. अशा भार असलेल्या अणूला आयन म्हणतात. गणित चांगलं आहे म्हणालात ना, मग शून्यातून वजा एक वजा करायला सांगा. तो का गेला, हे आठवीच्या 'अणूचे अंतरंग' धड्यात आहे: सोडियमचं संरूपण, म्हणजे कवचागणिक इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १. बाहेरच्या कवचात एकटा इलेक्ट्रॉन, तो गेला की आतलं पूर्ण आठाचं कवच बाहेर येतं. क्लोरीन २, ८, ७. त्याला एक कमी. म्हणून मीठ. पहिल्या वीस मूलद्रव्यांची संरूपणं तिला न अडखळता लिहिता आली पाहिजेत. संयुजा तिथूनच निघते, वेगळी पाठ करायची गरज उरत नाही.

सगळी पुस्तकं परत वाचू नका. आठवीतले 'द्रव्याचे संघटन', 'अणूचे अंतरंग' आणि रासायनिक बंधाचा धडा, नववीतले 'द्रव्याचे मोजमाप' आणि 'आम्ल, आम्लारी व क्षार'. बाकीचं राहू द्या.

आता थोडं कारखान्याचं सांगतो. जुनी खोड आहे, पण ह्यात दहावीचा निम्मा धडा येतो. तुमच्या भागात कारखाना असेल तर हंगामात गंधकाचा वास नाकात बसलेलाच असणार.

उसाचा रस निघतो तेव्हा तो किंचित आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) पाच ते साडेपाच. त्यात माती, मेण, रंग, नाही नाही ते. तो तसाच उकळला तर आम्लामुळे साखर फुटते. साखरेचा एक रेणू आणि पाण्याचा एक मिळून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतं. दोघांचं सूत्र एकच, सी-सिक्स-एच-ट्वेल्व-ओ-सिक्स, रचना वेगळी. आणि ते पोत्यात भरायला मिळत नाही, मळीत जातं. म्हणून रसाला चुना देतात.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून तापतो, वाफा निघतात, कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. दोनाचं एक झालं, म्हणून संयोग अभिक्रिया. उष्णता बाहेर पडली, म्हणून उष्मादायी. दुसरीकडे भट्टीत गंधक जाळतात. गंधक अधिक ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड. हाही संयोग, आणि गंधकाला ऑक्सिजन मिळाला म्हणून ऑक्सिडीकरणही. मग तापवलेल्या रसात चुन्याचं दूध आणि हा वायू दोन्ही सोडतात. चुना आम्लारी, वायू पाण्यात आम्लधर्मी. दोघं एकमेकांना उदासीन करतात आणि कॅल्शियम सल्फाइटचा न विरघळणारा साका तयार होतो. पुस्तकात त्यालाच अवक्षेप म्हणतात. तो खाली बसताना घाण सोबत घेऊन जातो. वर निवळ रस, खाली गाळ. तो गाळला की प्रेसमड, शेतकरी खत म्हणून नेतात.

ह्या सगळ्यात आमची नजर सामूवर. सात-साडेसातच्या आसपास ठेवायचा. चुना जास्त पडला तर रस काळवंडतो, कमी पडला तर साखर फुटते. आणि सामूचा एक आकडा म्हणजे दहा पट, हे पोरांच्या डोक्यात जात नाही. सामू पाच म्हणजे सातापेक्षा हायड्रोजन आयन शंभर पट जास्त. दोनाचा फरक किरकोळ वाटतो, पण किरकोळ नाही.

आता मोल. मोल हे वजन नव्हे, मोल ही संख्या आहे. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. २०१९ पासून तर व्याख्याच तशी झाली, आधी ती १२ ग्रॅम कार्बनवर टांगलेली होती. इतके कण मोजत कोण बसणार, म्हणून वजन करायचं. वजन पदार्थागणिक वेगळं. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, मिठाचा ५८.५ ग्रॅम. औषधाच्या टोपणाने १८ मिली पाणी मोजून तिच्या हातात द्या आणि सांगा की हा एक मोल.

हेच कारखान्यात किलोवर येतं. गंधकाचं अणुवस्तुमान ३२, ऑक्सिजनच्या रेणूचं ३२. म्हणजे ३२ किलो गंधक जाळलं की ६४ किलो सल्फर डायऑक्साइड. त्याला पुरा पडायला कॅल्शियम हायड्रॉक्साइड ७४ किलो, आणि तेवढं करायला कळीचा चुना ५६ किलो. उरलेले १८ पाण्याचे. (प्रत्यक्षात चुना जास्तच लागतो, रसात मुळात आम्ल असतं आणि बाजारचा चुना कधी शुद्ध नसतो.) शेवटी कॅल्शियम सल्फाइट १२० किलो आणि पाणी १८ किलो. ७४ अधिक ६४ बरोबर १३८, १२० अधिक १८ बरोबर १३८. समीकरण का जुळवायचं ह्याचं उत्तर मला विचाराल तर हेच. स्टोअरमधून चुना किती मागवायचा ते न जुळलेल्या समीकरणातून काढता येत नाही.

घरी करायचा एक प्रयोग सांगतो. पानाच्या टपरीवरचा चुना हरभऱ्याएवढा घ्या, ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं निवळ पाणी हळूच दुसऱ्या ग्लासात ओता. त्यात नळीने फुंकायला सांगा. फुंकायचंच, ओढायचं नाही, डोळे लांब ठेवायचे. पाणी दुधाळ होतं, तो कॅल्शियम कार्बोनेट. तिथे थांबू नका. फुंकत राहा, बराच वेळ. दुधाळपणा परत कमी होत जातो, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. दोन्ही समीकरणं तिने स्वतः लिहावीत, आणि दोन्ही आधी आकडा न लावताच जुळतात, हे तिचं तिलाच सापडू द्या. घरात कळीचे खडे मात्र आणू नका, डोळ्यात उडाले तर फार वाईट.

खडू_फळा

काकांची सहा नावांची चाचणी मी उद्याच वर्गात वापरणार! मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दोन गोष्टींची भर घालते, एका बाबतीत वाद घालते.

वाद असा: संयुजांची अदलाबदल करा आणि भाग जात असेल तर घालवा, हा नियम मुलं सगळीकडे लावत सुटतात. मग 'कार्बनी संयुगे' आला की इथेनचं सी-टू-एच-सिक्स दिसतं आणि हुशार मूल त्याला दोनाने भागून सी-एच-थ्री करून ठेवतं. ग्लुकोजचं सी-एच-टू-ओ केलेलंही मी पाहिलंय. भागायचा नियम धातू आणि अधातू मिळून होणाऱ्या आयनिक संयुगांना. तिथे सुटा रेणू नसतोच, आयनांची लांबच लांब रचना असते, म्हणून आपण फक्त प्रमाण लिहितो. सहसंयुज, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या, संयुगात खरा रेणू असतो आणि त्यात कार्बनचे अणू दोन असतील तर दोनच लिहायचे. ताई, हे तिला कार्बनच्या धड्यापर्यंत सांगितलं नाही तरी चालेल, पण तेव्हा नक्की सांगा.

भर एक: संरूपणं लिहिताना पोटॅशियमला मुलगी हमखास अडणार. १९ इलेक्ट्रॉन, तिसऱ्या कवचाची क्षमता १८, मग २, ८, ९ का नाही? उत्तर २, ८, ८, १. बाहेरच्या कवचात आठाहून जास्त बसत नाहीत, एवढं दहावीला पुरे. कॅल्शियम २, ८, ८, २.

भर दोन: वीस संरूपणं झाली की लगेच आवर्ती वर्गीकरणाचा धडा काढा, तो अर्धा आपोआप उलगडतो. शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन असलेली सगळी एका गणात, दोनवाली (हेलियम सोडून) दुसऱ्या. मेंडेलीव्हकडे १८६९ मध्ये फक्त ६३ मूलद्रव्यं होती आणि इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता, तरी त्याने गुणधर्मांवरून तक्ता लावला आणि न सापडलेल्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या. १८७५ मध्ये गॅलियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम मिळालं, ती त्या जागांत बसली. मुलांना हे सांगितलं की रटाळ तक्ता जरा जिवंत होतो.

आणि काका, समीकरणाचा धडा आठवडाभर बाजूला ठेवा म्हणता, पण शाळा थांबत नाही हो. आम्हालाही पोर्शन संपवायचा असतो. शाळेत चालू आहे ते चालू द्यावं, घरी फक्त सूत्रं.

गाळप_लॅब

मॅडम, इथेनचं मान्य. कार्बनवाल्यांना भागाकाराचा नियम लागू नाही. पोर्शनबद्दल मी काय बोलणार, तुमचा प्रांत.

द्राक्षवाला

मी तासगावचा, द्राक्षबाग आहे. दहावीनंतर शाळेशी संबंध नाही, पण साहेबांचा चुना वाचला आणि राहवलं नाही.

आम्ही बागेत बोर्डो मिश्रण मारतो, द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, चुना वेगळा विझवून, थंड करून, गाळून घ्यायचा, मग दोन्ही एकत्र करायचे. लोखंडी बादलीत मोरचूद कालवलं तर ते बादली खातं. पूर्वी वडील सांगायचे, का ते माहीत नव्हतं.

फवारायच्या आधी तपासणी असते. त्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. नाहीतर पानं करपतात. थर नाही चढला तर फवारायला हरकत नाही. पुतण्याच्या दहावीच्या पुस्तकात हाच खिळा सापडला! लोखंड तांब्याला बाहेर काढतं आणि स्वतः सल्फेटमध्ये जाऊन बसतं. विस्थापन. आणि चुना घातल्यावर जे होतं ते दुहेरी विस्थापन, तांब्याचं हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियमचं सल्फेट. पुतण्याने लिहून दाखवलं तेव्हा कळलं की चुना पुरेसा असला की तांबं मोकळं राहत नाही, म्हणून खिळ्यावर चढत नाही.

ताई, खत-औषधाच्या दुकानात मोरचूद मिळतं. चिमूटभर काचेच्या ग्लासात विरघळवून नवा खिळा टाका, दुसऱ्या दिवशी बघा. खिळा तांबूस आणि पाण्याचा निळेपणा उतरलेला. पण ते विष आहे. तो ग्लास परत स्वयंपाकघरात नेऊ नका आणि ती हाताळत असताना तुम्ही जवळ थांबा.

सीईटीवाला

भारी! आम्हाला लॅबमध्ये खिळा दाखवला होता, पण कशासाठी ते आज कळलं.

शिलाईमशीन

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आठ बाह्यांचा ब्लाउज ऐकून मुलगी पोट धरून हसली आणि पाणी लगेच जुळवलं.

सहा सूत्रांची चाचणी घेतली. पहिली दोन बरोबर. कॅल्शियम ऑक्साइड सी-ए-टू-ओ-टूच लिहिलं, काकांनी सांगितल्याप्रमाणे! सोडियम कार्बोनेटला एन-ए-सी-ओ-थ्री, मग मी काही न बोलता नुसती बघत बसले तर तिने स्वतःच सोडियमला टू लावला. हायड्रॉक्साइडला कंस नव्हता. अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट मात्र कंस समजावल्यावर एका फटक्यात, आणि ऑक्सिजन बारा म्हणाली. चुन्याच्या पाण्यात फुंकून झालं, दुधाळ छान झालं, परत निवळेपर्यंत मात्र तिचा धीर सुटला. खिळा आज टाकलाय, देवघराच्या मागच्या खिडकीत, कुणाचा हात लागणार नाही असा.

दोन शंका. शेजारच्या शेतात अमोनियम सल्फेटची गोणी आहे, तिने स्वतःहून सूत्र लिहायला घेतलं आणि अडली. धातू कुठेच नाही, मग कुणाची अदलाबदल कुणाशी? आणि सूत्रं जमल्यावर समीकरणांचा सराव कोणत्या क्रमाने द्यायचा? पुस्तकातली पहिली सोपी आहेत, मग एकदम अवघड होतात.

गाळप_लॅब

गोणीवरून सूत्र लिहायला घेतलं म्हणजे पोरीची भीती गेली.

अमोनियम ही टोळी धन आहे, एन-एच-फोर, संयुजा एक. धातूच्या जागी ती बसते. सल्फेटची संयुजा दोन. म्हणून कंसात एन-एच-फोर, बाहेर टू, मग एस-ओ-फोर. नायट्रोजन दोन, हायड्रोजन आठ, गंधक एक, ऑक्सिजन चार. आणि ते मूलक एकत्र कसं राहतं विचारलं तर सांगा, आतले बंध सहसंयुज आहेत, बाहेरचा आयनिक. एका पदार्थात दोन्ही असू शकतात.

सराव असा द्या. पहिल्यांदा मॅग्नेशियम जाळणं, मॅग्नेशियम अधिक ऑक्सिजन, मॅग्नेशियम ऑक्साइड. मग खाण्याचा सोडा तापवणं: सोडियम बायकार्बोनेटपासून सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तिथे सोड्याआधी दोन लागतो. मग लाल तापलेल्या लोखंडावर वाफ, उत्पादितं एफ-ई-थ्री-ओ-फोर आणि हायड्रोजन. त्यात तीन, चार, एक, चार असे आकडे येतात, पहिल्यांदा जमणार नाही, जमवू द्या. मग डिस्टिलरीतलं, मळीतल्या ग्लुकोजपासून यीस्ट अल्कोहोल करतं ते: ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. कार्बनच्या धड्याची तयारीही होऊन जाते.

शेवटी तुमच्या शेगडीतलं. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतं, त्यातलं ब्युटेन द्या, सी-फोर-एच-टेन. अधिक ऑक्सिजन, होतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आधी कार्बन जुळवायचा, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, कारण तो दोन ठिकाणी विखुरलेला आहे. कार्बन डायऑक्साइड चार, पाणी पाच, आणि ऑक्सिजनचे रेणू साडेसहा येतील. ती म्हणेल चुकलं. चुकलेलं नाही, सगळ्यालाच दोनाने गुणायचं. ऑक्सिजनसमोर तेरा आला की बरोबर.